मॉडेल रेल्वेसाठी शून्यातून इमारती बांधणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रूळ टाकून झाले, गाडी न घसरता फेऱ्या मारायला लागली, की लेआउटवरची उघडी फळी डोळ्यांना खुपायला लागते. गाडी थांबते, पण स्टेशन कुठंय? मग प्रश्न सुरू होतात. नव्या मंडळींकडून वरचेवर येणारे प्रश्न आणि माझ्या परीनं दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथेच बहुतेकांचं अडतं. माझंही अडलं होतं.

शून्यातून बांधणं म्हणजे नेमकं काय? तयार खिडक्या वापरल्या तर चालतं का?

किटच्या खोक्यात कापलेले भाग येतात, ते जोडायचे असतात. शून्यातून बांधताना पुठ्ठा, प्लॅस्टिकचा पत्रा, लाकडाच्या पट्ट्या असा कच्चा माल घ्यायचा, माप आपण काढायचं आणि भागही आपणच कापायचे. तयार खिडक्या, पन्हळी, पाइप वापरले म्हणून कुणी वाळीत टाकत नाही. दोन-तीन किट तोडून तिसरंच काहीतरी उभं करणं याला किटबॅशिंग म्हणतात. आवश्यक तेवढं स्वतः करा, उरलेलं विकत घ्या. एकच सांगणं: इमारतीचं माप आणि ठेवण तुमची हवी. मजा तिथे आहे.

पहिली इमारत कोणती घ्यावी?

फाटकाजवळची चौकी. चार भिंती, एक दार, दोन खिडक्या, दोन उतारांचं छप्पर. स्टेशनची मुख्य इमारत पहिल्या फटक्यात घेऊ नका. ती लेआउटवर सगळ्यांत आधी नजरेत भरते, आणि पहिल्या कामातल्या चुका आयुष्यभर तिथे उभ्या राहतात.

प्रमाणाचा घोळ समजत नाही. एचओ, ओओ, एन म्हणजे काय?

रुळांची रुंदी आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, घोळ त्यातूनच होतो. एचओ म्हणजे १:८७. खरी ८७ मीटरची वस्तू इथे १ मीटरची होते. नाव ‘हाफ ओ’वरून आलं, कारण १:४३.५ या ओ प्रमाणाच्या ते निम्मं आहे. एचओचे रूळ १६.५ मिमी रुंदीचे असतात. ब्रिटनमधलं ओओ त्याच १६.५ मिमी रुळांवर धावतं, पण प्रमाण १:७६.२. ब्रिटिश इंजिनं मुळात लहान आकाराची, त्यामुळे ओओ सुरू झालं त्या काळातल्या विजेच्या मोटरी एचओच्या सांगाड्यात मावेनात. म्हणून रूळ तेच ठेवून वरचं सगळं थोडं मोठं केलं. एन म्हणजे १:१६० आणि ९ मिमीचे रूळ, मात्र ब्रिटिश एन १:१४८ आहे. टीटी १:१२०, झेड १:२२०. ओ प्रमाण देशागणिक बदलतं: कुठे १:४३.५, कुठे १:४५, कुठे १:४८.

इमारत बांधणाऱ्यासाठी याचा अर्थ साधा आहे. रूळ एकच आहेत म्हणून ओओची इमारत एचओच्या लेआउटवर ठेवली, तर ती जवळजवळ १४ टक्के मोठी निघते. एकट्या गोदामाच्या बाबतीत हे खपून जातं. पण शेजारी माणसाची आकृती आणि दार आलं की लगेच कळतं.

मापं कशी काढायची?

खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि प्रमाणानं भागा. एचओमध्ये १ मीटर म्हणजे ११.५ मिमी, ओओमध्ये १३.१ मिमी, एनमध्ये ६.२५ मिमी. २.१ मीटर उंचीचं दार एचओत २४ मिमी होतं, एनमध्ये १३ मिमी. १.७ मीटर उंचीचा माणूस एचओत साधारण १९.५ मिमी.

दर वेळी भागाकार करत बसू नका. कागदाच्या पट्टीवर तुमच्या प्रमाणातले मीटर आखा, खाली अर्ध्या मीटरच्या खुणा करा आणि ती पट्टी टेबलाला चिकटवून टाका. दुसरी सवय याहून मोलाची: आराखड्यावर माणसाची एक आकृती उभी करायची. माझ्या पहिल्या स्टेशनचं दार मी नुसत्या अंदाजानं ३२ मिमीचं कापलं होतं. भिंत सुंदर झाली, विटा एकेक रंगवल्या, आणि स्टेशनमास्तर दारात उभा केला तेव्हा तो शाळकरी पोरासारखा दिसला. त्या विटांकडे नंतर कुणी पाहिलं नाही.

खऱ्या इमारतीचा आराखडा मिळत नसेल तर?

फोटो आणि विटा पुरतात. समोरून, शक्य तितक्या लांबून, झूम करून फोटो घ्या. जवळून घेतला की भिंतीच्या वरच्या रेषा आत झुकतात आणि माप फसतं. भिंतीला १ मीटरची काठी टेकवून फोटो घेता आला तर निम्मं काम झालं. मग फोटोतच काठीच्या तुलनेत सगळं मोजता येतं. काठी लावणं शक्य नसेल तर विटांचे थर मोजा. ब्रिटिश प्रमाणित वीट ६५ मिमी उंच, त्यावर १० मिमी चुन्या-सिमेंटची फट, म्हणजे एक थर ७५ मिमीचा. चाळीस थर मोजले की ३ मीटर. इतर देशांत विटेचं माप वेगळं असतं, तेवढं आधी पाहून घ्या. विटा नसतील तर दार मोजा, पायऱ्या मोजा.

मागची भिंत, छपराची कड, पन्हळीचं पाणी खाली आणणारा पाइप, जोत्याची उंची यांचे फोटो हटकून राहून जातात. घरी आल्यावरच लक्षात येतं. आणि चालू मार्गावर उतरून फोटो घेऊ नका. फलाट, पूल, रस्ता इथून जे दिसतं त्यावर भागवा.

इमारत मापात बांधली तर लेआउटवर मावतच नाही. काय करू?

कुणाचीच मावत नाही. २०० मीटरचा फलाट एचओत २.३ मीटर होतो, एनमध्येही सव्वा मीटर. म्हणून इमारत आखडून घ्यायची. पण सगळं सारख्या प्रमाणात लहान करू नका. दार, खिडकी, पायरी, वीट, माणसाचा हात लागतो अशी प्रत्येक गोष्ट पूर्ण मापातच ठेवायची. आखडायचं ते त्यांच्या संख्येत. दर्शनी भिंतीत दाराच्या दोन्ही बाजूंना चार-चार खिडक्या असतील तर दोन-दोन ठेवा. मधलं दार मधेच राहतं, तोल जात नाही, आणि पाहणाऱ्याला ती इमारत ओळखू येते. मजला काढून टाकण्यापेक्षा लांबी कमी करणं नेहमी बरं, कारण इमारतीची ओळख उंची आणि छपराच्या उतारात असते.

लेआउटच्या मागच्या कडेला तर पूर्ण इमारतीची गरजच नाही. दर्शनी भिंत आणि दोन-तीन सेंटीमीटर खोली, मागे सपाट, ती पार्श्वभूमीच्या चित्राला टेकवायची. कारखान्यांची अख्खी रांग अशी उभी करता येते. एचओच्या लेआउटवर अगदी मागे टीटीच्या मापाचं घर ठेवलं तर अंतर वाढल्याचा भास होतो, पण दोन्हींमध्ये झाडं किंवा टेकाड घाला. नाहीतर दोघं शेजारी दिसतात आणि बिंग फुटतं.

आधी पुठ्ठ्याची कच्ची इमारत करून पाहण्याची खरंच गरज आहे?

आहे. टाकाऊ खोक्याचा पुठ्ठा, चिकटपट्टी, अर्धा तास. खिडक्या पेननं काढा. ती लेआउटवर ठेवून चार दिवस तशीच राहू द्या. गाडी चालवा, बसून बघा, उभ्यानं बघा.

यातच रुळांपासूनचं अंतरही तपासून घ्या. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर फेकली जातात. तुमच्याकडच्या सर्वांत लांब डब्याच्या टोकाला बाहेरच्या बाजूनं आणि मध्यावर आतल्या बाजूनं पेन्सिल बांधा, डबा हातानं ढकला. फळीवर उमटलेल्या रेषेच्या आत काहीही उभं करायचं नाही. मी मालधक्क्याची शेड ही चाचणी न करता बांधली होती. इंजिन आत व्यवस्थित गेलं, आणि तिसऱ्या डब्यानं दाराचा खांब उखडून नेला.

पुठ्ठा, प्लॅस्टिक की लाकूड?

तिन्हींवर प्रेम करणारे लोक आहेत आणि तिघांचं पटत नाही. माझं मत असं.

पुठ्ठा स्वस्त, कापायला सोपा, रंग छान शोषून घेतो. चित्रांच्या फ्रेमसाठी वापरतात तो घट्ट, एकजीव पुठ्ठा घ्या; खोक्याचा नालीदार पुठ्ठा फक्त कच्च्या कामासाठी. पुठ्ठ्याचं काम टिकत नाही हा गैरसमज आहे. इंग्लंडमधल्या लाँग विटनहॅम इथलं पेंडन म्युझियम १९५४ मध्ये रॉय इंग्लंड यांनी उभं केलं. तिथलं १:७६ प्रमाणातलं १९३०च्या दशकातलं ग्रामीण दृश्य प्रामुख्यानं पुठ्ठ्याच्या घरांनी भरलेलं आहे. पुठ्ठ्याचा शत्रू पाणी. दोन्ही बाजूंनी वार्निश दिलं की तो टिकतो.

स्टायरीन, म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकचा पत्रा, ०.२५ मिमीपासून २ मिमीपर्यंत सहज मिळतो. कडा धारदार येतात, सांधा द्रावकानं वितळून एकजीव होतो, विटा-दगड उमटवलेले पत्रेही असतात. स्टेशन, सिग्नल केबिन, कारखाना यांसाठी मी तोच वापरतो.

लाकडी इमारतीला लाकूडच वापरा. बासवुडच्या पट्ट्या घ्या. बाल्सा फार मऊ, कडा चुरगळतात आणि त्याचे रेषे प्रमाणापेक्षा मोठे दिसतात. फोमबोर्ड, म्हणजे दोन कागदांमधला फोमचा पत्रा, मोठ्या इमारतीच्या आतल्या सांगाड्यासाठी उत्तम, बाहेरून त्यावर दुसरं काहीतरी चढवायचं.

कोणती हत्यारं लागतात?

कमी लागतात. स्टीलची पट्टी, टोकदार पात्याचा कटर (११ नंबरचं पातं सगळ्यांना मानवतं), कापायची मॅट, लहान गुण्या, चिमटा, बारीक काचकागद एखाद्या सपाट लाकडी ठोकळ्याला चिकटवलेला. पाती भरपूर घ्या. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो, ते घसरतं आणि बोटात शिरतं. नवं पातं अलगद चालतं. गुण्यावर मात्र हात आखडू नका.

खिडक्यांची भोकं कापताना कोपरे फाटतात. काय चुकतं?

एका दमात कापायचा प्रयत्न. पहिली रेघ नुसती खूण करण्यापुरती, दुसरी जराशी खोल, मग चौथ्या-पाचव्या वेळी आरपार. दर वेळी कोपऱ्यापासून सुरू करून बाजूच्या मध्याकडे यायचं, म्हणजे पातं कोपऱ्याच्या पुढे जात नाही. चारही बाजू थोड्या थोड्या खोल करत फिरा. एक बाजू पूर्ण कापून दुसरीकडे वळलात की तुकडा हलतो. स्टायरीनमध्ये प्रत्येक कोपऱ्यात आधी बारीक छिद्र पाडलं तर काम आणखी सोपं होतं.

आणि क्रम पाळा: आधी खिडक्या-दारं, मग भिंतीची बाहेरची कड. मोठा पत्रा हातात नीट धरता येतो. खिडक्यांत चूक झाली तर नुसता कोपरा फुकट जातो, कापून-घासून तयार केलेली भिंत नव्हे. स्टायरीनची सरळ कड तर आरपार कापायचीच नाही. दोन-तीनदा खोल रेघ मारायची आणि मोडायचं. कट्कन आवाज करत ती सरळ तुटते.

एका ओळीतल्या खिडक्यांचे वरचे काठ एकाच रेषेत हवेत. रुंदीत अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर दिसत नाही, उंचीत मात्र लगेच डोळ्यात येतो.

भिंती कागदासारख्या पातळ का दिसतात?

कारण त्या पातळच आहेत. खरी विटेची भिंत २३० मिमीची असेल तर एचओत ती २.६ मिमी व्हायला हवी. तुमचा १ मिमीचा पत्रा म्हणजे ८७ मिमीची भिंत झाली. आतून पूर्ण भिंत जाड करायची गरज नाही. खिडक्या-दारांच्या कडेनं आतल्या बाजूला पट्ट्या चिकटवा आणि चौकट त्या पट्ट्यांवर बसवा. खरी खिडकी भिंतीच्या बाहेरच्या पातळीपासून साधारण १०० मिमी आत असेल, तर एचओत ती १ मिमीहून थोडी जास्त आत जाते. तेवढ्यानं खिडकीवर सावली पडते. कुठल्याही इमारतीत मी आधी ही सावली शोधतो. विटा एकेक रंगवलेल्या नसल्या तरी चालतील, पण खिडकी भिंतीच्या सपाटीत बसली की इमारत खोक्यावर चिकटवलेल्या चित्रासारखी दिसते.

कोपऱ्याचा सांधा दिसतो, विटा जुळत नाहीत.

दोन्ही भिंतींच्या कडा आतून ४५ अंशात घासून जोडा. घासणं जमत नसेल तर एक भिंत दुसरीवर टेकवा, पण सांधा कमी दिसणाऱ्या बाजूला येईल असं बघा. विटांच्या पत्र्याच्या सगळ्या भिंती एकाच थरापासून वर मोजायला सुरुवात करा, म्हणजे कोपऱ्यात थर जुळतात. जोडताना आत चौकोनी पट्टी लावा, बाहेरून गुण्या. एक कोपरा काटकोनात नसेल तर छप्पर बसवताना चारही कोपरे हिशेब मागतात.

भिंत काही दिवसांनी वाकली. का?

याचं कारण साहित्यावर अवलंबून आहे.

पुठ्ठ्याला एकाच बाजूनं पांढरा डिंक किंवा पाण्याचा रंग लावला की ती बाजू ओली होऊन फुगते, वाळताना आकसते आणि भिंत वळते. जे एका बाजूला लावाल ते दुसऱ्या बाजूलाही लावा. विटांचा छापील कागद चिकटवायचा असेल तर मागेही साधा कागद चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा.

स्टायरीनमध्ये गुन्हेगार असतो तो अडकलेला द्रावक. दोन पत्रे एकमेकांवर पूर्ण चिकटवले की मधला द्रावक बाहेर पडायला जागा शोधत राहतो, आणि कधी कधी आठवड्यांनी पत्रा वाकतो. आतल्या पत्र्याला आधीच बरीच भोकं पाडून ठेवा. शिवाय इमारत पूर्ण बंद करू नका. तळाला किंवा आतल्या भिंतीला मोठं छिद्र हवंच. लांब भिंतीला आतून आडवे-उभे दांडे द्या, पण सगळे एकाच दिशेनं नकोत. मोठ्या गोदामात मी दर पाच-सहा सेंटीमीटरला आतून एक आडवी भिंत देतो. बाहेरून कुणाला दिसत नाही.

कोणत्या कामाला कोणता डिंक?

पुठ्ठा, कागद, लाकूड: पांढरा डिंक, अगदी कमी. स्टायरीन: बुटानोन किंवा लिमोनिनवर आधारलेला पातळ द्रावक, ब्रशच्या टोकानं सांध्यावर टेकवायचा, तो स्वतःच आत ओढला जातो. बुटानोन पेट घेतो आणि त्याची वाफ डोक्यात जाते, म्हणून खिडकी उघडी आणि जवळ ज्योत नको. धातू आणि वेगवेगळ्या वस्तूंचे सांधे: सुपरग्लू.

सुपरग्लूच्या दोन खोड्या माहीत असाव्यात. त्याच्या वाफेनं जवळची पारदर्शक काच पांढुरकी होते, म्हणून तावदानं पांढऱ्या डिंकानंच बसवा. आणि तो कापसाला किंवा सुती कापडाला लागला की जोरात तापतो, भाजण्याइतका. सांडला तर कापसानं पुसायला जाऊ नका. फोमबोर्डच्या उघड्या फोमवर द्रावक, सुपरग्लू किंवा स्प्रेचा रंग गेला की फोम विरघळतो. एकदा रंग मारून मी जेवायला गेलो, परत येईपर्यंत भिंतीत गुहा तयार झाली होती.

विटा, दगड, गिलावा खरे कसे दिसतील?

विटांमधली १० मिमीची फट एचओत जेमतेम ०.११ मिमी होते, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीएवढी. बाजारातल्या विटांच्या पत्र्यांवर ती याहून रुंद आणि खोल असते. म्हणून फटी पांढऱ्याशुभ्र रंगानं भरू नका. भिंत चौकड्यांच्या कापडासारखी दिसते. आधी पूर्ण भिंतीला विटेचा मंद रंग द्या. वाळल्यावर फिक्या राखाडी-पिवळसर रंगाचं पातळ पाणी सोडा, ते फटीत उतरलं की वरची सपाटी ओलसर कापडानं पुसून घ्या. मग रंगीत पेन्सिलींनी इकडेतिकडे काही विटा गडद, काही फिकट करा. शंभरात पाच-दहा पुरे. इथे हात थांबवणं अवघड असतं.

दगडासाठी फोमबोर्डचा वरचा कागद सोलून काढा आणि उघड्या फोमवर शाई संपलेल्या बॉलपेननं दगड दाबून आखा. हवेत वाळणारी माती पातळ पसरून वाळल्यावर कोरण्याची पद्धत जास्त सुंदर दिसते, पण माती आकसते आणि तडे जातात, म्हणून खाली भरपूर पांढरा डिंक हवा. गिलाव्यासाठी रंगात थोडी टाल्कम पावडर मिसळून ठिपके देत लावा. ब्रश ओढला की रेघा उमटतात, आणि त्या रेघा १:८७ मध्ये नांगरटीसारख्या दिसतात.

खिडक्यांच्या बारीक पट्ट्या कशा करू?

२५ मिमीची पट्टी एचओत ०.३ मिमीहून कमी होते. ती कापून जोडायला जाऊ नका. चिकटणारा लेबलचा कागद खिडकीच्या रंगात रंगवा, वाळू द्या, धारदार पात्यानं केसासारख्या पट्ट्या कापा आणि पारदर्शक पत्र्यावर चिकटवा. आधी उभ्या, मग आडव्या. खाली रेषा आखलेला कागद ठेवला की सरळ बसतात. काही तावदानांमागे पडदा, एखादी खिडकी किंचित उघडी, बाकी मागे गडद कागद. एवढं पुरतं.

छप्पर शेवटी उरकून टाकतो. चालेल?

नाही चालणार, कारण लेआउटकडे आपण बहुतेक वेळा वरूनच बघतो. खरी इमारत बघताना छपराची फक्त कड दिसते, इथे अख्खं छप्पर नजरेसमोर असतं. एकूण वेळातला तिसरा हिस्सा मी छपराला देतो.

उताराची लांबी तळाच्या मापावरून कापू नका. इमारत ८० मिमी रुंद आणि आढं भिंतीच्या माथ्यापासून ३० मिमी वर असेल, तर अर्धी रुंदी ४०, उंची ३०, म्हणून उतार ५० मिमीचा. त्यात वळचणीचा पुढे आलेला भाग मिळवा. आणि भिंती उभ्या राहिल्यावर हे माप प्रत्यक्ष घ्या. कागदावरचं आणि उभं राहिलेलं घर कधीच तंतोतंत एक नसतं.

पाटीच्या दगडाच्या छपरासाठी कागद हेच अचूक साहित्य आहे. खरी पाटी ५ ते १० मिमी जाड, एचओत ती कागदाएवढीच होते. कागदाच्या पट्ट्यांना खालून चिरा द्या, छपरावर आडव्या रेघा आखा, आणि खालच्या कडेपासून वर आढ्याकडे चिकटवत या. एक आड एक पट्टी अर्ध्या पाटीनं सरकवायची. मधूनच एखादी पाटी उचकटलेली, एखादी तुटलेली. नालीदार पत्र्यासाठी जाडसर अॅल्युमिनियमची फॉइल खाचा असलेल्या प्लॅस्टिकवर ठेवून बोथट काडीनं घासा. खऱ्या पत्र्याच्या नाल्या साधारण ७६ मिमी अंतरावर असतात, एचओत ०.८७ मिमी. पत्रे खऱ्या आकाराचे कापून एकमेकांवर थोडे चढवत लावा. सलग एकच फॉइल पसरली तर तिच्यात जीव येत नाही.

पन्हळ विसरू नका. नसली की वळचण बोडकी वाटते.

रंग आणि जुनेपणा यांचं प्रमाण काय?

बाटलीतला गडद रंग जसाच्या तसा लावला की इमारत खेळण्यासारखी दिसते. दुरून पाहताना खरे रंग हवेमुळे फिके होतात, आणि मॉडेलकडे आपण एक प्रकारे दुरूनच पाहतो. म्हणून प्रत्येक रंगात थोडा राखाडी मिसळा. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा बाटलीतच राहू द्या. चकाकी घालवायला शेवटी मॅट वार्निश.

इमारती, गाड्या जाणीवपूर्वक मळवण्याची आवड रुजवणाऱ्यांत कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेचे जॉन अॅलन यांचं नाव आदरानं घेतात. त्यांचा ‘गोरी अँड डिफिटेड’ असा उच्चार होणारा एचओ लेआउट १९७३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच आगीत गेला. उरले ते फोटो. ते फोटो बघताना लक्षात येतं की मळ कुठेही फासलेला नाही. पाणी जिथून ओघळतं तिथे ओघळ, इंजिनाचा धूर जिथे लागतो तिथे काजळी, जोत्याजवळ चिखलाचे शिंतोडे. मऊ खडू काचकागदावर घासून केलेली पूड आणि कोरडा ब्रश यांनी हे सगळं होतं. वार्निशनंतर पूड फिकी पडते, म्हणून थोडी जास्त लावा.

थ्रीडी प्रिंटर किंवा लेसर वापरणं म्हणजे फसवणूक नाही का?

आराखडा तुमचा असेल तर नाही. रेझिनच्या प्रिंटरवर खिडक्या, दिव्याचे खांब, कमानीचे दगड अप्रतिम निघतात. फिलामेंटवाल्यावर, म्हणजे प्लॅस्टिकची तार वितळवून थर देणाऱ्यावर, थरांच्या रेघा दिसतात, त्या घासाव्या लागतात. अख्खी भिंत प्रिंट करण्यापेक्षा पुठ्ठ्याची भिंत आणि प्रिंट केलेल्या खिडक्या ही जोडी मला जास्त आवडते. लेसरवर पीव्हीसी कधीही कापू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो.

आत दिवे लावायचे आहेत.

एलईडीच लावा. जुन्या पद्धतीचे बारीक बल्ब तापतात आणि बंद इमारतीत प्लॅस्टिक वाकवतात. पांढरा एलईडी साधारण ३ व्होल्ट घेतो. पुरवठा १२ व्होल्टचा असेल तर १ किलो-ओहमचा रोध (रेझिस्टर) लावल्यावर सुमारे ९ मिलिअँपिअर जातो, आणि घरातल्या दिव्याला तेवढा उजेडही जास्तच होतो. रोध वाढवत जा. पिवळसर पांढरा घ्या. निळसर पांढरा जुन्या स्टेशनात ऑफिससारखा दिसतो.

दिवा लागताच भिंती कंदिलासारख्या उजळल्या, अशी तक्रार हमखास येते. भिंती आतून आधी काळ्या, त्यावर पांढऱ्या रंगवा आणि सांध्यांत आतून काळी पट्टी लावा. प्रत्येक खोलीला आतून वेगळा कप्पा असू द्या, म्हणजे काही खिडक्या अंधाऱ्या ठेवता येतात. आणि छप्पर निघेल असं बनवा. दिवा एक दिवस जाणारच.

इमारत जमिनीवर तरंगल्यासारखी दिसते.

भिंतीच्या खाली केसाएवढी फट राहते आणि तिथून उजेड दिसतो, म्हणून. भिंती तळाशी ३-४ मिमी लांब कापा आणि इमारत जमिनीतल्या खाचेत उतरवा. मग कडेनं बारीक माती, गवत, पायवाट भिंतीला भिडवून घ्या. इमारत कायमची चिकटवू नका. खाली रुळांची किंवा तारांची दुरुस्ती निघते. दोन लहान चुंबक पुरतात. फलाटाच्या बाबतीत उंची डब्याच्या दाराशी लावून बघा, कागदावरच्या मापाशी नव्हे.

एका इमारतीला किती वेळ लागतो?

चौकीला दोन-तीन सुट्टीचे दिवस. मोठ्या स्टेशनला माझे काही महिने गेले, त्यातला बराच काळ ते नुसतं टेबलावर पडून होतं.

धूळ कशी काढायची?

मेकअपचा मऊ, रुंद ब्रश आणि शेजारी हळू चालणारा व्हॅक्यूम, नळीच्या तोंडाला पातळ कापड बांधून. कापड यासाठी, की सुटलेली पाटी किंवा स्टेशनमास्तर आत गेला तर तो कापडावर सापडतो. खडूच्या पुडीवर वार्निश दिलेलं नसेल तर ब्रश लावू नका, नाहीतर धुळीबरोबर तुम्ही मेहनतीनं लावलेली काजळीही निघून जाईल.